शांत बसलाय की दबा धरून बसलाय? कुत्रा-कोंबडी ट्रेनिंगचा रिव्ह्यू

घरी येऊन कुत्र्याला कोंबड्यांच्या आसपास शांत राहायला शिकवणाऱ्या एका ट्रेनर ताईंचा हा रिव्ह्यू. रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईल, त्यात ट्रेनरचा दोष किती आणि माझा किती ते वाचून तुम्हीच ठरवा.

तर आमच्याकडे कुत्री दोन. बंड्या ३ वर्षांचा, रस्त्यावरनं उचलून आणलेला, त्याच्यात कुठकुठल्या जाती मिसळल्यात देव जाणे पण पळणारं काहीही दिसलं की याच्या अंगात येतं, मग तो बॉल असो, सरडा असो नाहीतर वाऱ्याने उडालेली पिशवी. चिंगी ९ वर्षांची, लहानखुरी, तिला कोंबड्यांशी काही देणंघेणं नाही, फक्त भुंकायला निमित्त पाहिजे. आणि मागच्या अंगणात कोंबड्या ५. आधी ६ होत्या.

सहावी कशी गेली ते सांगितल्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही. आम्ही ऑनलाइन एक तयार लाकडी खुराडं मागवलं होतं, फोटोत एकदम गोंडस, हिरवं छप्पर, खाली लिहिलेलं '६ कोंबड्यांसाठी' आणि 'इतर प्राण्यांपासून पूर्ण सुरक्षित'. (कंपनीचं नाव घेत नाही, तसली सगळी सारखीच दिसतात.) ६ कोंबड्या मावतात हे खरं, कोंबायच्याच म्हटल्या तर. पण एका कोंबडीला आत साधारण ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीतल्या मोकळ्या जागेत १० चौरस फूट तरी धरतात, त्या हिशोबाने ते खुराडं जेमतेम २-३ जणींचं. ते एक वेळ जाऊ दे, खरी गोम जाळीत होती. षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी असते ना, जिला सगळे कोंबडीची जाळी म्हणतात, ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नसते, हे मला बंड्याने शिकवलं. एका दुपारी मी आत फोनवर बोलत होते तेवढ्यात याने कोपऱ्यात पंजा घालून जाळी पिनांसकट उचकटली आणि एक तलंग गेली, नुकती अंडी घालायला लागलेली. खाल्ली नाही हो त्याने. धरली, झटकली, खाली ठेवली आणि ती परत कधी पळते याची वाट बघत शेपूट हलवत उभा. त्याच्या लेखी खेळ चालला होता. मला बघून खूश झाला, तेच जास्त लागलं मनाला.

दुसरी एक, भुरी, तिच्याही मागे लागला होता पण ती वाचली. वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं म्हणून आम्ही सुटलो म्हटलं, आणि दोन दिवसांनी ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसायला लागली, वास यायला लागला तेव्हा पंख उचलून बघितलं तर बगलेत दाताची दोन भोकं. कोंबडी दुखणं लपवते आणि पिसं जखम लपवतात. कोणाच्या कोंबडीला कुत्र्याचं तोंड लागलं असेल तर त्याच दिवशी पिसं बाजूला सारून सगळं अंग बघा, ऊबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि डॉक्टरकडे न्या, 'चालतेय की नीट' म्हणून सोडू नका.

या ताईंच्या आधी एक दुसरे ट्रेनर येऊन गेले होते, दोन दिवसात सरळ करतो वाले. गळ्यात करंटचा पट्टा, कोंबडीकडे बघितलं की बटण. पहिल्या दिवशी वाटलं जमलं, बंड्या त्या बाजूला फिरकेना. दुसऱ्या दिवशी कोंबडी नुसती ओरडली तरी याच्या पाठीवरचे केस उभे आणि घशातनं गुरगुर, जी त्याने आधी कधी केली नव्हती. त्याच्या डोक्यातला हिशोब साधा, कोंबडी दिसली की मानेला चटका बसतो, म्हणजे कोंबडीच वाईट. आधी खेळ होता, आता वैर झालं. पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. आणखी एका जाणकाराने मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात कुजेपर्यंत बांधून ठेवायला सांगितली, म्हणे त्याला कायमची किळस बसते. ज्या प्राण्याला कुजकं काही सापडलं की त्यात लोळायचं असतं त्याला किळस! मी चहा घेणार का विचारून विषय बदलला.

मग या ताई मिळाल्या, ज्यांचा हा रिव्ह्यू आहे. घरी येऊन शिकवतात, ६ सेशनचं पॅकेज, एक सेशन तासाभराचं, दोन सेशनच्या मध्ये आठ-दहा दिवस, तेवढ्या वेळात आपण होमवर्क करायचा. जाहिरातीत कुत्रा आणि कोंबडी एकमेकांना चिकटून झोपलेत असा फोटो. हा फोटो लक्षात ठेवा, कापलेला स्टार तिथेच आहे.

पहिल्या सेशनला त्यांनी बंड्याला हातसुद्धा लावला नाही. सरळ मागे गेल्या, खुराड्यापाशी उकिडव्या बसल्या, अंगठ्याने जाळी दाबून बघितली, कडी एका बोटाने उचलून बघितली (उचलली गेली), मग म्हणाल्या कुत्र्याचं नाक माझ्या बोटापेक्षा ताकदवान आहे. मला तर रागच आला, पैसे कुत्र्याला शिकवायला दिलेत आणि ही बाई सुतारकाम काढतेय. म्हटलं, "अहो ताई, कुत्रं तिकडे बांधलंय." तर म्हणाल्या, "काकू, ट्रेनिंग तुम्ही समोर असतानाचं. तुम्ही फोनवर असाल तेव्हा जाळीच राखण करणार." (मला काकू म्हणाल्या. तो स्टार मी त्यासाठी कापलेला नाही.)

त्यांनी सांगितलेले बदल लिहून ठेवते कारण खर्च केला त्यात सगळ्यात वसूल हेच झालं. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्ड केलेली जाड जाळी, नुसत्या पिना मारून नाही तर स्क्रू आणि वॉशरने बसवलेली. भिंतीच्या बुडाशी तीच जाळी बाहेरच्या बाजूला दीडदोन फूट जमिनीवर आडवी पसरायची, वर माती नाहीतर दगड, कारण कुत्रं उकरायला लागतं ते नेहमी भिंतीला लागूनच, मागे दोन फूट सरकून उकरावं एवढं त्याला सुचत नाही. आणि कडीला हुक, म्हणजे उघडायला दोन वेगवेगळ्या हालचाली लागतील. बंड्याने पहिल्याच आठवड्यात तीन ठिकाणी उकरून बघितलं, प्रत्येक ठिकाणी नखं तारेला लागली, चौथ्यांदा गेलाच नाही.

आता दुसरं सेशन, आणि मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते खरं म्हणजे या एका तासामुळे.

जाळी बदलल्यावर बंड्या रोज सकाळी जाळीसमोर चार हातांवर जाऊन बसायचा. भुंकणं नाही, धावणं नाही, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून अर्धा अर्धा तास गप. मी फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले, सुधारला म्हणून. ताई आल्या तेव्हाही तो तसाच बसला होता, मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, बघा की किती शांत. त्या काही बोलल्या नाहीत. त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि कलेजीचा एक तुकडा त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर टाकला. हे कुत्रं एरवी मी फ्रिज उघडला तर वरच्या मजल्यावरनं खाली येतं. त्याने तुकड्याकडे पाहिलं नाही. दुसरा टाकला, तो त्याच्या पंजावरच पडला, तरी नाही. "आता त्याचं तोंड बघा," म्हणाल्या. तोंड घट्ट मिटलेलं. एवढ्या उन्हात जीभ आत. कान पुढे, कपाळावर आठी, पापणी हलत नाही, शेपटीचं नुसतं टोक थरथरतंय आणि मागचे पाय अंगाखाली गोळा केलेले. आत भुरी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली तर याचं अख्खं डोकं तेवढंच, तसूभरही कमीजास्त न होता, तिच्यामागे फिरलं.

"काकू, हा बसलेला नाही. हा दबा धरून आहे."

मला खरंच काटा आला अंगावर. आठवडाभर मी ज्याला शहाणपणा समजत होते ती शिकारीची दुसरी तिसरी पायरी होती. म्हणजे बघा, आधी बघणं, मग नजर खिळणं, मग दबा धरणं, मग पाठलाग, मग धरणं, मग मारणं, ही साखळी प्रत्येक कुत्र्यात थोडीफार असते, माणसाने जाती घडवताना कुठली कडी पक्की ठेवली कुठली ढिली केली एवढाच फरक. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कोलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग ठासून भरलाय, रिट्रीव्हर (लॅब्राडोर त्यातलाच) शिकार तोंडात हळुवार धरून आणायला घडवलेला, टेरियर जातींमध्ये शेवटचं मारणंही शाबूत, आणि मरेमा, ग्रेट पिरेनीज अशा कळप राखणाऱ्या जातींमध्ये ही साखळीच मुळात मंद. पण त्या राखणदार कुत्र्यांनासुद्धा दीडदोन वर्षांचे होईपर्यंत कोंबड्यांबरोबर एकटं सोडत नाहीत, हे ऐकून मी बंड्याकडून किती घाईने अपेक्षा करत होते ते कळलं. आणि 'आमचा लॅब्राडोर आहे, तो काही करणार नाही' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की हळुवार धरलेली कोंबडीसुद्धा घाबरून मरू शकते.

तर शिकवायचं काय, तर नजर सोडायला. कोंबडी दिसली, बघितलं, आणि स्वतःहून माझ्याकडे वळला की शाब्बास आणि लगेच कलेजी. सुरुवात एवढ्या लांबून करायची की त्याला खाऊ खायची शुद्ध राहील, आमच्याकडे ते अंतर निघालं जवळजवळ १५ मीटर, म्हणजे अंगण संपून फाटकाबाहेर! खाऊ खात नाही म्हणजे आपण फार जवळ आलोय, मागे सरका, हा एक नियम मला सगळ्या पुस्तकी गोष्टींपेक्षा जास्त उपयोगी पडला कारण त्यात अंदाज लावायचा नसतो. दिवसातून दोनदा दहा दहा मिनिटं. पहिले चार दिवस काहीच नाही, पाचव्या दिवशी त्याने भुरीकडे बघितलं, मग एकदम माझ्याकडे मान वळवली, डोळे मिचकावले, आणि तोंड उघडून जीभ बाहेर टाकली. मी जी काय उडी मारली! (ताईंनी नंतर सांगितलं की उडी मारायची नाही.)

तिसऱ्या सेशनला चटई. एक जुनी सतरंजी, ती टाकली की त्याच्यावर जाऊन पडायचं, बाहेर जगबुडी झाली तरी. चौथ्यात सतरंजी दर दोन दिवसांनी एकेक पाऊल जाळीकडे. मी विचारलं की कोंबडी हातात धरून त्याला वास घ्यायला देऊ का, इंटरनेटवर सगळे तसंच दाखवतात. ठाम नाही म्हणाल्या. एक तर धरलेली कोंबडी फडफडते आणि फडफड म्हणजे पाठलागाचं आमंत्रण, दुसरं म्हणजे चोच थेट डोळ्याच्या उंचीवर येते. शांत कोंबडीपाशी शांत राहणं सोपं आहे, खरी परीक्षा धावणाऱ्या कोंबडीची, म्हणून पाचव्या सेशनला दाणे मुद्दाम लांब लांब फेकून कोंबड्यांना आतल्या आत पळवलं आणि बंड्या सतरंजीवर. दोनदा उठला, तिसऱ्यांदा मान खाली.

सामानाबद्दल थोडंसं, हेही रिव्ह्यूच समजा. १० मीटरची लांब दोरी लागतेच, पण साधी नायलॉनची घेऊ नका. पाचव्या सेशननंतर मी जरा हवेत होते, तर ताई नसताना चिंगीलाही बरोबर घेऊन बाहेर गेले. चिंगीने सवयीप्रमाणे भुंकायला सुरुवात केली, कोंबड्या उधळल्या, आणि बंड्या, महिनाभराचं सगळं शिक्षण विसरून, गोळीसारखा सुटला. दोरी हातात होती म्हणून जाळीवर आदळायच्या आत थांबला पण माझ्या तळहाताची साल निघाली, आठ दिवस भांडी घासता आली नाहीत. दोन कुत्री एकत्र म्हणजे दोन कुत्री नसतात, ती टोळी असते, प्रत्येकाला आधी वेगळं शिकवायचं असतं हे ताईंनी सांगितलेलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. आता दोरी चपट्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्याची आणि हातात बागकामाचे मोजे, आणि दोरी गळ्याच्या पट्ट्याला नाही, छातीभोवती घालायच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला. कुत्र्याच्या तोंडाला घालायची जाळी (मझल) घेतली ती टोपलीसारखी, तिच्यातनं धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाऊही देता येतो. कापडी घट्ट पट्टी अजिबात नको, त्यात कुत्र्याला तोंड उघडून उष्णता बाहेर टाकता येत नाही. दहा दिवस आधी त्या टोपलीतच खाऊ घालून सवय केली. पण टोपली घातली म्हणजे कोंबडी सुरक्षित असं समजू नका, २० किलोचं कुत्रं अंगावर पडलं तर दात लागायची गरजच नाही.

मध्येच एक आरोग्याचं. बंड्याला कोंबड्यांची शीट खायचा नाद आहे, शी वाटो नाहीतर काही, बऱ्याच कुत्र्यांना असतो. त्यातनं साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असले पोट बिघडवणारे जंतू पोटात जाऊ शकतात आणि कुत्रं तेच तोंड घेऊन आपल्याला चाटायला येतं. एकदा त्याच्या शीच्या तपासणीत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आले म्हणून मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाले हे आयमेरिया आहेत, कोंबडीचे, खाल्लेत तसेच बाहेर पडलेत, कुत्र्याला याची लागण होत नाही. त्याउलट कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं मात्र उंचावर ठेवा, काही खाद्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं, कोंबडीला चालतं, कुत्र्याला विष. आणि दाणे आले की उंदीर येतात, उंदीर आले की कोणीतरी उंदराचं औषध टाकतं, ते कुत्र्याच्या पोटात जायला कितीसा वेळ. अचानक मेलेली कोंबडी किंवा अंगणात पडलेला मेलेला पक्षी कुत्र्याच्या आधी आपण उचला, २०२३ साली कॅनडात एका पाळीव कुत्र्याने मेलेला रानहंस चघळला, त्याला बर्ड फ्लू झाला आणि तो दगावला. हे सगळं ताईंच्या पॅकेजमध्ये नव्हतं, औषधाचा विषय त्यांनी सरळ डॉक्टरवर सोडला, ते मला आवडलं.

आता तक्रारी. वेळेच्या नावाने बोंब, पाचपैकी तीनदा उशीर, एकदा निघाले म्हणून मेसेज आला आणि पाऊण तासाने दुसरा मेसेज की आज जमत नाही. लिहून काही देत नाहीत, सगळं व्हॉइस मेसेजमध्ये, एकेक सात मिनिटांचा, त्यात मधे त्यांच्या घरचा कुकर शिट्ट्या मारतोय, आणि मला हवं ते एक वाक्य कुठल्या मेसेजात आहे ते शोधता शोधता बंड्याची प्रॅक्टिसची वेळ निघून जायची. पण स्टार कापला तो त्या फोटोसाठी. पाचव्या सेशनला मी विचारलं की आता याला अंगणात कोंबड्यांबरोबर मोकळं सोडून मी बाजारात जाऊन येऊ शकते का, तर शांतपणे म्हणाल्या, "नाही. याला कधीच नाही. ज्याने एकदा मारलीय त्याला कधीच नाही." अहो मग हे पहिल्या दिवशी सांगायचं! चिकटून झोपलेल्या जोडीचा फोटो लावून पैसे घ्यायचे आणि कधीच नाही पाचव्या तासाला सांगायचं, हे बरोबर नाही. मी तोंडावर बोलले तसं. त्या म्हणाल्या आधी सांगितलं तर लोक करंटच्या पट्ट्यावाल्याकडे जातात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी स्वतःच गेले होते, तरी स्टार परत दिलेला नाही.

मग चार स्टार कशाचे? आज दोन महिन्यांनी बंड्या दोरीवर, कोंबड्या मोकळ्या, मी खुर्चीवर, असा संध्याकाळचा अर्धा तास आरामात जातो. कोंबड्यांनी आधी भीतीने अंडी बंद केली होती, दोन पातळ कवचाची पण निघाली, आता पूर्ववत. काळी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली होती तेव्हा बंड्या जरा जास्त जवळ गेला तर तिने फुगून जी काही अंगावर धाव घेतली, तेव्हापासून तो तिच्या बाजूने जाताना वळसा घालून जातो, हे शिक्षण फुकटात झालं. आणि मुख्य म्हणजे मला आता त्याचं तोंड वाचता येतं. मिटलं की मी उठते.

घ्यावं कोणी? रोज वीस मिनिटं काढणारं माणूस घरात असेल तर जरूर घ्या. कुत्रं अजून पिल्लू असेल आणि कोंबड्यांवर एकदाही धावलेलं नसेल तर तुम्हाला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त मिळेल, फक्त सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्री वयात येताना शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागतात तेव्हा धीर सोडू नका. आणि एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी जाळी बदला, मग ट्रेनर बघा. दोन दिवसात रिझल्ट पाहिजे असणाऱ्यांनी ताईंना उगाच फोन करू नये.

माझं सहावं सेशन अजून बाकी आहे, चिंगी आणि बंड्या एकत्र असं ठरलंय. कधी येताय म्हणून गेल्या सोमवारी मेसेज केलाय. दोन निळ्या टिका दिसतायत.